कुलपावरची माती

प्रिय नील आणि ऋता,

भुताखेतांच्या गोष्टींना मी कधी थारा दिला नाही. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले, प्रत्येक गोष्ट जागच्या जागी ठेवायची सवय लागली. तरी ही एक हकिगत मला कुठेच ठेवता आली नाही… म्हणून लिहिते.

निजामाच्या राज्यातलं अंबड. माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष. गावात उंदीर पडू लागले, म्हणजे प्लेग. सगळ्यांनी घरं सोडून शेतातल्या झोपड्यांत जायचं. माझ्या सासूबाई — मी त्यांना आत्याबाई म्हणे — हटून बसल्या. "उंदराला भिऊन घर सोडू व्हय मी? तुमी जा." तहसीलची माणसं उघडं घर दिसलं की आतल्यांना बाहेर काढत. म्हणून ठरलं, बाहेरून कुलूप लावायचं. रिकाम्या गावावर गफूरचाचांचा पहारा होता. ते म्हणाले, "चाबी देऊन जा, बाई. अम्मांना दोन टाईम भाकर पोचवीन."

कुलपाच्या दोन किल्ल्या. हरवू नयेत म्हणून मीच त्या एका सुतळीत ओवल्या होत्या. निघतानाच तुमच्या आजोबांना हुडहुडी भरली, गाडीत ताप चढला. कुलूप त्यांनीच लावलं होतं; एक किल्ली चाचांना दिली असेल, असं मी धरून चालले.

पाचव्या दिवशी दुपारी ताप उतरला. धुतलेलं धोतर काढायला ट्रंक उघडली. तळाशी सुतळी… आणि तिच्यात दोन्ही किल्ल्या.

मी रडले नाही. कुणाला हाकही मारली नाही. चालत निघाले.

चाचा वेशीवरच भेटले. माझ्या हातातल्या किल्ल्या बघून म्हणाले, "चाबी न्हाई आली, मंग मी समजलो, अम्मांना संगं नेलं…"

रिकाम्या घराच्या कुलपाचं भोक ते ओल्या मातीनं लिंपत. कुणी उघडलं तर कळावं म्हणून. आमच्या कुलपावर त्यांनी पहिल्याच संध्याकाळी लिंपलेली माती वाळून दगड झाली होती. कुठे तडा नाही. मी ती नखांनी खरवडली.

आत आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात घासलेली पितळी, भरलेला तांब्या. चूल थंड. पीठ तर आम्ही सगळं शेतावर नेलं होतं.

"आज लई उशीर केलास गं," त्या म्हणाल्या.

मी थंड चुलीकडे पाहिलं.

"रोज भाकर ठिवून जात व्हतीस, पण एक शबूद न्हाई बोललीस. रुसून राह्यलीस का काय माझ्यावर?"

दारातून चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही, आत्याबाई."

मला आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. नखांत माती होती, तेवढीच कळत होती.

त्या आणखी नऊ वर्षं जगल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सुनेनं प्लेगात जीव धोक्यात घालून मला जेवू घातलं." मी दर वेळी मान खाली घालून ऐकलं. कोण येत होतं, मला आजही माहीत नाही. मी नव्हते, एवढंच माहीत आहे. आणि ते मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

— तुमची आजी