टगर मागं सरकतो तेव्हा

झुंजीचा टगर धडक द्यायच्या आधी मागं सरकतो. मान खाली घालतो, समोरच्यावरची नजर काढत नाही, आणि एकेक पाऊल उलटं टाकत धावायला जागा करून घेतो. आमच्या हुबळीत हे सगळ्यांनी लहानपणी पाहिलेलं असतं. टगर म्हणजे एडका, पण इथल्या मराठी घरांतही त्याला एडका कोणी म्हणत नाही.

कमरीपेठेतल्या आमच्या बोळात, माझ्या घराला लागूनच, अण्णांचं घर आहे. त्यांचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. त्यांच्याकडे एक काळा टगर. पिल्लू असताना त्याची आई मेली म्हणून अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. अण्णा त्याला तम्मा म्हणत, कन्नडात धाकट्या भावाला म्हणतात तसं. तरुणपणी तो झुंजला होता. पुढं अण्णांनी त्याला झुंजीला नेणं बंद केलं. पण बंद झालं आहे हे त्याला कोण सांगणार?

मी वकील. दिवाणी दावे, जागेच्या हद्दी, भिंतींची भांडणं, यातच माझी वर्षं गेली. म्हणूनच शहराच्या पर्यावरण समितीवर नागरिकांतून मला घेतलं असावं. नियमाची भाषा नीट हवी असते, आणि ती मला येते.

त्या दुपारी समितीपुढं दोन विषय होते. पहिला, घरात पाळलेल्या वेगळ्या जनावरांचा. दारादाराशी बांधलेले टगर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्या धरणारी बदकं, एका बंगल्यातली टर्की, आणि गोकुळ रोडच्या एका कारखानदारानं काचेच्या पेटीत ठेवलेला हातभर लांब परदेशी सरडा. तक्रारींचा ढीग होता. काहींना सरसकट बंदी हवी होती. मी उठून बोललो. माणसं जनावरांवर जीव लावतात, तो हुकमानं काढता येत नाही, असं म्हणालो. शेवटी मी सुचवलं तेच ठरलं की परवानगी घेऊन जनावर ठेवावं, पण सार्वजनिक बोळात बांधू नये, आपल्या हद्दीत ठेवावं. जुन्या हुबळीत अंगण कुणाकडे उरलंय? आपली हद्द म्हणजे गच्ची, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

दुसरा विषय घरावरच्या सोलरचा. लोक उंच लोखंडी सांगाडे उभे करत, वर पॅनेलं बसवत आणि मग हळूच खाली पत्रे मारून खोल्या काढत. यावर काय करावं, याची चर्चा चालली होती. मी म्हणालो, सांगाडा माणसाच्या कमरेपेक्षा उंच नसावा. आपल्याकडे आषाढात वारा सुटतो, एखादा उंच सांगाडा उडून कुणाच्या डोक्यात बसेल. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वाऱ्याचं कारण खोटं नव्हतं. पण ते माझं कारण नव्हतं. माझ्या गच्चीवर आदल्या वर्षीच पॅनेलं बसली होती. अण्णांचं घर दक्षिणेला. त्यांनी गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपात उंच सांगाडा करायला टाकलाय, हे मला अण्णांनीच कौतुकानं सांगितलं होतं. तो उभा राहिला की थंडीच्या दिवसांत त्याची सावली सरळ माझ्या पॅनेलांवर पडणार होती. त्यांना तोंडावर हे सांगणं मला जड गेलं. म्हणून मी ते सगळ्या शहराला सांगितलं.

समितीत जनावरांच्या एक निवृत्त डॉक्टर होत्या. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, जनावर वर पाठवायचं आणि पॅनेल खाली आणायचं. दोघांची गाठ नाही का पडणार?"

"बाई, टगरानं पॅनेल खाल्लं तर बिल तुमच्या घरी पाठवू," मी म्हणालो.

लोक हसले. बाईही हसल्या. मग चहा आला.

नियम लागू झाले तेव्हा अण्णा गिरमिटाचा, म्हणजे इथल्या मसालेदार चुरमुऱ्यांचा, डबा घेऊन घरी आले. "तुम्ही होता म्हणून माझा तम्मा राहिला री," म्हणाले. "नाहीतर नेला असता त्यांनी गाडीत घालून. आणि तो सांगाडा काय, कापून ठेंगणा करून घेतला. नियम तो नियम. आमचे वकीलसाहेब तिथं, आणि आम्हीच मोडायचा का?"

माझी बायको डबा घेऊन आत गेली. मी त्यांच्यासमोर बसून गिरमिट खाल्लं.

त्यांची गच्ची अरुंद. फिटरनं पॅनेलं लांब कड खाली घेऊन जिन्याच्या खोलीच्या भिंतीला जवळजवळ उभीच लावली. काळी काच, पाठीमागं भिंत. सकाळचं ऊन तिरकं यायचं तेव्हा त्या काचेत सगळी गच्ची दिसायची, वाळत घातलेल्या साड्यांसकट. आणि टगराच्या डोक्याच्या बरोबर समोर, त्याच्याच उंचीचा, त्याच्याच रंगाचा, तशाच वळणाच्या शिंगांचा दुसरा एक टगर.

पहिले काही दिवस तो नुसता बघत उभा राहायचा. अण्णांना गंमत वाटायची. मी माझ्या गच्चीवर आलो की म्हणायचे, "बघा, लग्नाचं वय गेलं आणि आता कोण आवडलीय याला."

एका सकाळी मी पॅनेलं पुसायला वर गेलो होतो. पलीकडे तो काचेसमोर उभा होता. मग त्याची मान खाली गेली आणि मागचा पाय उलटा पडला. एक पाऊल, मग अजून एक. कठड्याला त्याची पाठ लागली तेव्हा तो थांबला. अण्णांनी धावत येऊन शिंगं धरली. तो थरथरत होता. अण्णा हसत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

मला तेव्हाच सगळं कळलं. हे मी लपवणार नाही. टगर खाली आणला तर नियम मोडतो, पालिकेची गाडी येऊन त्याला घेऊन जाते. पॅनेल उंच केलं तरी नियम मोडतो. दोन्ही नियम मीच मांडले होते, आणि सूट देण्याचा प्रस्ताव आणायला मला एक अर्ज पुरला असता. पण प्रस्ताव आणला असता तर कुणीतरी विचारलं असतं, मग कमरेएवढी उंची सुचवली कुणी? आणि सूट मिळाली असती तर सावली आली असती.

मी कठड्यावरून सांगितलं, "अण्णा, सकाळी काचेवर गोणपाट टाकत जा. ऊन वर आलं की काढा."

"हां, ते बरोबर," अण्णा म्हणाले. माझा सल्ला ते नेहमीच ऐकत.

वर बांधला की तो काचेकडे हिसडे देऊन गळा आवळून घ्यायचा, म्हणून मोकळाच असायचा. मग रोज सकाळी गोणपाट पडू लागलं. कधी वाऱ्यानं सरकायचं. कधी अण्णांना उशीर व्हायचा. तेव्हा ते स्वतःच काचेकडे पाठ करून टगरासमोर उभे राहायचे, दोन्ही हात पसरून, लहान मुलाला अडवावं तसे. त्यांचे गुडघे दुखरे. मी घरात दाढी करत असलो तरी कान वरच असायचे. खुरांचा आवाज थांबला की हात थांबायचा.

एक दिवस अक्का आमच्या दाराशी आल्या. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"वकीलसाहेब, ते तुमचं ऐकतात. तो सांगाडा वर उचलून घ्यायची परवानगी निघेल का हो? खर्च होऊ दे. मला झोप लागत नाही."

"त्याला माझ्या भावाच्या गावाला पाठवू म्हटलं," त्या पुढं म्हणाल्या, "तर म्हणतात, दुसऱ्याच्या हातचं खात नाही तो. आणि खाली दुकानाचा माल भरलाय. ठेवायचा कुठं?"

मी म्हणालो, "नियम आहे, अक्का. माझ्या हातात असतं तर केलं नसतं का?"

हे वाक्य मी माझ्या बायकोसमोर बोललो. अक्का गेल्यावर बायको पुढं झाली. तिनं दार लोटलं आणि म्हणाली, "आपली पॅनेलं मात्र चांगली चालली आहेत."

आषाढ लागला आणि वारा सुटला. त्या सकाळी ढग फाटून एकदम कोवळं ऊन पडलं. मी जिन्यात होतो. गोणपाट आमच्या गच्चीवर उडून आलं आणि माझ्या पायाशी पडलं. मी वर धावलो. पलीकडे अण्णा काचेसमोर हात पसरून उभे होते आणि म्हणत होते, "तम्मा, बेडा. नको रे." टगर कठड्यापर्यंत मागं गेलेला होता.

तो अण्णांवर धावला नाही. त्याच्या डोळ्यांत अण्णा नव्हतेच. त्यांच्या बाजूनं त्याला काचेतला टगर दिसत होता, आणि अण्णा फक्त वाटेत होते.

अण्णांच्या खुब्याचं हाड मोडलं. दोन पॅनेलं फुटली. टगराला काही झालं नाही. तो फुटलेल्या काचेसमोर उभा राहून समोरचा कुठं गेला ते शोधत होता.

दवाखान्यातून आणल्यावर अण्णांची खाट खालच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांमध्येच टाकली. मी भेटायला गेलो. गच्चीवर काचा आणि उघड्या वायरी होत्या, फिटर यायचा होता, तोवर अक्कांनी वरचं दार बंद केलं होतं. टगर जिन्याच्या पायथ्याशी बांधलेला होता, एक खूर बोळात.

"उद्या कुणीतरी तक्रार करणार," अण्णा म्हणाले. "वकीलसाहेब, थोडे दिवस तम्माला तुमच्या गच्चीवर ठेवाल? अक्का खायला घालून जाईल."

मी म्हणालो, "हो, ठेवतो की."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्याकडे ऊन चांगलं येतं. अडवणारं काही नाही." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. त्यांना माहीत होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. विचारण्याचं धाडस झालं नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी उंचीच्या नियमाचा फेरविचार मागितला. कारण सांगताना म्हणालो की जनावर पाळणाऱ्या घरांचा अनुभव वेगळा आला आहे. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. खरं कारण मी तिथंही सांगितलं नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

आता टगर आमच्या गच्चीवर आहे. माझी पॅनेलं उतरती आहेत, पण खालची कडा त्याच्या तोंडाशी येते. मी सगळ्यांवर ताडपत्री टाकून दोरीनं आवळली आहे. ज्या उन्हासाठी हे सारं केलं, ते ताडपत्रीवर पडतं आणि निघून जातं. इन्व्हर्टरवरचा दिवा बंद असतो.

रोज सकाळी अक्का चारा घेऊन वर येतात, त्याच्या कपाळावरून हात फिरवतात आणि माझ्याशी न बोलता खाली जातात. अण्णांचा पाय अजून जमिनीला लागलेला नाही.

आज सकाळी वारा ताडपत्रीत शिरला. ती फुगली, खाली बसली, पुन्हा फुगली. एका कोपऱ्यावरची दोरी सैल झाली आणि काळ्या काचेची एक पट्टी उघडी पडली. टगरानं खाणं थांबवलं.

माझी बायको जिन्याच्या दारात उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "अहो, तो मागं सरकतोय."

मी त्याच्या आणि काचेच्या मध्ये जाऊन उभा राहिलो आणि हात पसरले. ताडपत्री पाठीमागं फडफडत होती. मी तम्मा म्हणून हाक मारली. माझ्या आवाजाला तो ओळखत नाही.