मुशीसारखे काका

"यांना कुणीतरी धरून बसवा हो," फोटोवाला काळ्या कापडातून डोकं बाहेर काढत काकूला म्हणाला. "हलले म्हणून फोटोच्या दोन काचा फुकट गेल्या. आता एकच उरलीय."

अंगणात आम्ही सगळे नटूनथटून बसलो होतो. काका तेवढे आपल्या खुर्चीभोवती फिरत होते.

माझ्या थोरल्या काकांना बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस अख्ख्या ठाण्यात सापडला नसता. ते ताट हातात घेऊन ओटीवर फेऱ्या मारत जेवायचे आणि काकू कालवणाचं भांडं घेऊन मागोमाग. न्हावी त्यांची दाढी चालता चालताच करी, त्यामुळे ती आमच्या दारात सुरू होऊन शेजाऱ्यांच्या विहिरीपाशी संपे. कल्याणला आत्याकडे जायचं तर आम्ही बैलगाडीत आणि काका गाडीच्या पुढे. येणाजाणाऱ्यांना वाटे, बैल नुसते सोबतीला आहेत. चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की काका भिंतीच्या कडेने फिरत आणि पाद्रीबाबांची मान त्यांच्याबरोबर फिरे.

या सगळ्याच्या मुळाशी होती मुशी, म्हणजे शार्क मासा. काकांना दमा होता. एकदा खाडीवरून भराभर घरी आले, दारात थांबले, आणि श्वासच मिळेना. त्याच सुमारास कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं की मुशी पोहत राहते म्हणून जगते. पोहताना तोंडातून पाणी शिरतं, कल्ल्यांवरून वाहतं, त्यातून तिला श्वास मिळतो. थांबली की गुदमरते. काकांनी हे स्वतःला लावून घेतलं. "आमची जातच ती," ते मला सांगत. "तू वांद्र्याच्या कॉन्व्हेंटात शिकतेस, तुला कळेल." मी मान हलवे. घरात मी फारसं बोलतच नसे. काही सांगायचं तर आधी मनात इंग्रजी वाक्य येई, आणि त्याचं मराठी जुळेपर्यंत विषय संपलेला असे.

पण त्या दुपारी विषय संपत नव्हता. काकांच्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं आणि परवा ती नवऱ्याबरोबर झांझिबारच्या बोटीत बसणार होती. तिला वडिलांचा एक फोटो न्यायचा होता.

"बाबा, घटकाभरच बसा ना," ती म्हणाली.

"अगं, मला पुरून मग बोटीत चढणार आहेस का?"

सगळे हसले. मला मात्र दिसलं, ते खुर्चीपाशी येत, मोठा श्वास भरून घेत आणि पुन्हा चालू लागत. हट्ट कसला, काका घाबरले होते. फोटोवाला सामान आवरायला लागला, आणि मी उठून उभी राहिले.

तो फोटो अजून झांझिबारला आहे. त्यात सगळे लख्ख आले आहेत, काकासुद्धा, गुडघ्यांवर हात ठेवून ऐटीत बसलेले. फक्त त्यांचं तोंड पुसट आहे. बहीण लिहिते की तिथली माणसं विचारतात, तुझे वडील काय बोलत होते? काका आता नाहीत. ते काहीच बोलत नव्हते; त्या दिवशी बोलले होते ती मी.

"काका, वांद्र्याच्या खडकांत ओहोटीला मी एक मुशी पाहिली, लहानशी, पट्ट्यापट्ट्यांची. ती तळाशी स्वस्थ बसली होती. नुसतं तोंड उघडायची, मिटायची, तेवढ्यानेच पाणी आत जायचं. तुम्हीही तसं करा आणि बसा. मी इथेच आहे शेजारी."