अंबूअक्कांच्या वहीचं शेवटचं पान

अंबूअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोशाचं पीठ काढत होते. त्यांचा मुलगा श्रीधरदादा म्हणाले, "सीमावहिनी, अम्मा गेली." आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? रडू नाही आलं. आलं ते हेच, की आता कुणाला काही कळणार नाही... मग भांडं हातातून सुटलं, पीठ सगळं ओट्यावर. मला माझीच भीती वाटली.

त्याला आता पाच आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी अक्कांवर लिही म्हणून श्रीधरदादांनीच सांगितलं. मी नववीपर्यंत शिकलेली, चुकलं तर सांभाळून घ्या. हे वाचून ते माझ्या पोरीकडं परत बघतील का, माहीत नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही लातूरकडून इथं चेन्नईत, अंबत्तूरला आलो. भाषा येईना, दिवसभर दार लावून बसायची मी. खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी एक दिवस दार वाजवलं आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "काय गं, कोंडून घेतलंस का कुणी कोंडलं?" त्या तंजावरकडच्या. मराठी जुनं, हेल तमिळ. मी हसले की म्हणायच्या, "हस हस. तुझं मराठी कालचं, आमचं तीनशे वर्षं मुरलेलं लोणचं." भाजीवाल्याशी भांडायला त्यांनीच शिकवलं मला.

मागच्या वर्षी त्यांच्या भाच्यानं आमच्याच बिल्डिंगमध्ये सिनेमा काढला. थरारपट म्हणे. एक लहान मुलगी शेजारच्या म्हातारीला जिन्यावरून ढकलते आणि आईबाप सगळं पुसून टाकतात, अशी गोष्ट. पैसे नव्हते, म्हणून घर आमचं, मुलगी माझी स्वरा, सहा वर्षांची, आणि म्हातारी अंबूअक्का! मेल्याचा सीन नसला की वही घेऊन बसायच्या. कप कुठं होता, पदर कुठल्या खांद्यावर, सगळं टिपायचं, खाली "पुढच्या शॉटला" लिहून काय तसंच ठेवायचं ते. पायऱ्या कॅमेऱ्यात चमकाव्यात म्हणून भाचा आधी पायऱ्यांवर पाणी मारायचा. मग अक्का अलगद आडव्या व्हायच्या, "कट" झालं की उठून बसायच्या आणि म्हणायच्या, "अय्यो, मरून मरून भूक लागली!" स्वरा खदाखदा हसायची.

नंतर महिन्याभरानं, दुपारी, मी कपडे धूत होते. स्वरानं बादलीतलं साबणाचं पाणी मगानं नेऊन पायऱ्यांवर ओतलं. शूटिंग खेळत होती. धप्प आवाज आला. पळत गेले तर अक्का खाली पडलेल्या, पाय वाकडा, आणि वरून माझी पोरगी ओरडतेय, "कट! अक्का, कट झालं, उठा ना!"

मी काय केलं... पोरीला घरात ढकललं, हातात निळा पंचा होता, त्यानं तिसरी पायरी पुसली. आधी पायरी पुसली. मग अक्कांजवळ गेले, मग लोकांना हाका मारल्या. अक्का डोळे उघडे ठेवून सगळं बघत होत्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गप बस. पोरीला जन्मभराचा ठपका लागंल." मी गप बसले. स्वराला पण म्हटलं, कुणाला बोलायचं नाही. ती तेव्हापासून बोलतच नाही फारसं.

दवाखान्यात अक्कांनी मुलाला सांगितलं, साडीत पाय अडकला. खुब्याचं ऑपरेशन झालं, मग छातीत कफ झाला. आम्ही दोघीच असताना म्हणाल्या, "सिनेमातली आई तरी दार लावून पुसते गं." मी पाय धरले. त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "आधी मला उचलायचं होतंस, कण्णा. पायरी कुठं पळून जात होती?" कण्णा म्हणजे बाळा. मला त्या तसंच म्हणायच्या. आणि उशाखालची वही माझ्या हातात दिली. तीन दिवसांनी गेल्या.

शेवटच्या पानावर थरथरतं अक्षर आहे. "जिना. दुपार. तिसरी पायरी ओली, साबणाचं पाणी. सीमाच्या हातात निळा पंचा. मुलगी दारामागे. पुढच्या शॉटला:" आणि पुढं काहीच नाही, रिकामं.

पाच आठवडे ती वही तांदळाच्या डब्यात लपवली. दार वाजलं की आधी डब्याचं झाकण बघायचे. काल स्वरा म्हणाली, "अक्का अजून का उठत नाहीत? मी कट म्हटलं होतं ना?" मग मात्र मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, अक्का उठणार नाहीत. पाणी तू ओतलंस, तुला कळलं नव्हतं. पुसलं मी, मला कळत होतं.

श्रीधरदादा, या कागदांबरोबर ती वही पाठवतेय. स्वरा अजून जिन्यात तिसऱ्या पायरीवर पाय देत नाही, वरून उडी मारते. मी खाली हात पसरून उभी राहते.