शिपाईमामांच्या घामाचा अहवाल

शाळेचा सूक्ष्मदर्शक शिपाईमामांनी चोरला, असा अहवाल मी स्वतःच्या सहीनं हेडमास्तरांना दिला. सूक्ष्मदर्शक मीच केदारखेड्याच्या एका मास्तर मित्राला प्रदर्शनासाठी नेऊन दिला होता आणि साफ विसरलो होतो.

नव्वदचं दशक होतं. भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. त्यामुळे सायन्समधलं सगळं मला कळतं असं गावाला वाटायचं, आणि दुर्दैव असं की मलाही वाटायचं. प्रयोगशाळेच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या, मामांकडे आणि माझ्याकडे. माझ्यावर मी संशय कसा घेणार? मामा बारा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर होते आणि येत्या सोमवारी संस्थेची बैठक त्यांना कायम करणार होती. चोरीचा डाग लागला असता तर कायम होणं राहिलं बाजूला, घरीच बसावं लागलं असतं.

मामा म्हणाले, "देवळात चला सर. बेलभंडारा उचलतो. मंग तर झालं?"

मी हसलो. त्या हसण्याची मला अजून चीड येते. म्हटलं, शपथेचं सोडा, आपण शास्त्रीय पद्धतीनं जाऊ. एका मासिकात वाचलं होतं की खोटं बोलताना माणसाची नाडी आणि श्वास बदलतो, तळहाताला बारीक घाम सुटतो आणि घामामुळे कातडीतून वीज सहज वाहते. मला तेवढं पुरलं. रेडिओची बॅटरी, तांब्याच्या दोन तारा आणि प्रयोगशाळेतला वीज मोजायचा गॅल्व्हानोमीटर घेतला. तारा दोन बोटांना गुंडाळायच्या आणि काटा बघायचा. त्याच लेखाच्या शेवटी लिहिलं होतं की घाम भीतीनंही सुटतो, रागानंही सुटतो, आणि यंत्राला त्यातला फरक कळत नाही. म्हणून जाणकार आधी भलतेच प्रश्न विचारून तुलना करतात, तरी त्यांच्यात एकमत होत नाही. हे मी नंतर वाचलं. तेव्हा त्या पानावर माझा चिवडा होता.

यंत्र बराबर आहे हे दाखवायला तारा आधी माझ्याच बोटांना बांधल्या. हेडमास्तरांनी विचारलं, "सूक्ष्मदर्शक तुम्ही कुणाला दिलाय का?"

"नाही."

काटा जागचा हलला नाही. हेडमास्तरांनी मान डोलावली. गणिताचा माणूस, पण त्यानंही यंत्राबद्दल एक शंका काढू नये?

मग मामांना बसवलं. ते हापशावरून पाणी भरून नुकते आले होते. हात धोतराला पुसले, तेवढंच.

"मामा, सूक्ष्मदर्शक तुम्ही घेतला?"

"न्हाई."

काटा टोकाला गेला. पुन्हा विचारलं, पुन्हा टोकाला. तिसऱ्यांदा मामा तोंडातून शब्द काढेनात, तरी काटा टोकालाच. निदान तिथं तरी माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता. मी अहवालात लिहिलं, 'न बोलताही खोटेपणा दिसून आला.'

रविवारी केदारखेड्याचा मित्र एसटीनं आला, काखेत लाकडी पेटी घेऊन. "जल्दी आणून दे म्हणला होतास, दोन दिवस उशीर झाला बघ," असं म्हणत त्यानं माझ्याच सहीची चिठ्ठी पुढे केली. पेटी उघडली तर आत शाळेचाच सूक्ष्मदर्शक. मी चुकीचं सांगितलं होतं आणि काटा गप्प होता. मामा खरं बोलले होते आणि काटा उड्या मारत होता. चुकीचं सांगतोय हेच मला ठाऊक नव्हतं, मग घाम कशाला सुटेल? आणि मामांचे हात तर पाण्यानंच ओले होते. नववीच्या पोराला हे समजलं असतं.

तसाच हेडमास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी पहिला अहवाल फाडला, दुसरा माझ्याकडून लिहून घेतला आणि सोमवारच्या बैठकीत तो मलाच मोठ्यानं वाचायला लावला. मामा कायम झाले.

बैठकीनंतर मी मामांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "मामा, चुकलं माझं. पण तो काटा सगळा पाण्यानंच उडाला का, का तुम्हाला घामही आल्ता? तेवढं सांगा."

मामांनी घंटेचा हातोडा खाली ठेवला. "बारा वर्साची नौकरी जाऊन राह्यल्ती सर, मला घाम येणारच. तुमचं डोकंच ठिकाणावर नव्हतं, तुम्हाला कुठून येईल?"