राजीनामा

ह्यांच्या मानेतल्या गाठी दुसऱ्यांदा आल्या, तेव्हापासून मी दत्तमहाराजांशी अबोला धरला होता. फरीदाबादेतल्या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा सगळ्यात आधी मी त्यांची तसबीर घरात नेली होती. आता तिच्यापुढे दिवा लावायचे, पण तोंड फिरवून. इतके गुरुवार केले ते ह्यासाठीच का, असा माझा राग होता.

लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर; त्यावरची नेहमीची औषधं थकली होती. दिल्लीच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. त्यातली अँटीबॉडी रोगट पेशी ओळखून तिला चिकटते आणि सोबत आणलेलं विष तिच्या आत सोडते. पण चाचणी अगदी सुरुवातीची होती. माणसाला किती मात्रा सोसते, हेच आधी पाहायचं होतं. गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. हे तयार होते, मी नव्हते. माझ्या माणसावर प्रयोग नको, एवढंच मला कळत होतं. "तू हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही," असं म्हणून हे तपासणीला आत गेले.

मी बाहेर बाकावर रडत बसले. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या पंजाबी बाईंनी विचारलं, तेव्हा मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं, देवावरच्या रागासकट. त्यांनी डब्यातला पराठा माझ्या हातावर ठेवला. "पहले खा ले। और ऊपरवाले से राज़ीनामा कर ले, बेटी। बहुत हो गया।"

मला राजीनामा ठाऊक तो नोकरीचा. सोड आता, असं ह्या सांगताहेत, असं वाटून आधी चीड आली. मग पराठा खाता खाता मनात आलं, ह्यांना जगवायची नोकरी मला दिली तरी कुणी? महाराज, हा घ्या माझा राजीनामा, मी म्हटलं. छाती हलकी झाली. हे बाहेर आल्यावर मी हो म्हणाले. बाईंना नमस्कार करायला वळले, तर त्या नव्हत्या. आतून बोलावणं आलं असेल. पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

औषधानं हातापायांना मुंग्या आल्या, ताप आला, पण गाठी विरघळल्या. हे पुन्हा बाल्कनीत बसून चहा पिऊ लागले. तिथेच एकदा मी ती गोष्ट सांगितली आणि हे हसत सुटले. "अगं, इतकी वर्षं इथं काढलीस! इकडे राज़ीनामा म्हणजे समेट. देवाशी भांडण मिटव, म्हणत होत्या त्या." मग भाजीवाल्याशी माझी घासाघीस झाली, की विचारायचे, "झाला का राजीनामा?"

थंडी सरताना गाठी परतल्या. ह्यांनी सोसलं ते पुढच्या रुग्णांच्या कामी येईल, असं डॉक्टर म्हणाले. ते खरंही असेल. मला मात्र हे हवे होते. मी पुन्हा तोंड फिरवून दिवा लावू लागले.

शेवटच्या दिवशी ह्यांनी माझा हात धरला. "आता राजीनामा," एवढंच म्हणाले. मराठीतला की हिंदीतला, हे मी विचारलं नाही. तिन्हीसांज झाली होती. मी दिवा लावला आणि तसबिरीकडे नीट पाहिलं. महाराज, तेवढे चहाचे दिवस दिलेत, उपकार झाले. माझं माणूस आता तुम्ही सांभाळा.