पालकांच्या विनंतीवरून

आमच्या घरातले अर्ज मी लिहिते. चौथीत होते तेव्हापासून. रेशनकार्डावर नाव घालायचा अर्ज, नळाला पाणी येत नाही म्हणून अर्ज, आधारवर आईची जन्मतारीख चुकली म्हणून अर्ज. विठ्ठलवाडीच्या आमच्या गल्लीतली माणसंही येतात. डावीकडे समास सोडायचा, विषयाखाली रेघ मारायची, शेवटी 'आपला विश्वासू'. पप्पा सगळ्यांना सांगायचे, "हिचं अक्षर बघून साहेब लोक बसायला खुर्ची देतात." पप्पा शीळफाट्याच्या एका गोदामात माल चढवतात-उतरवतात. ते सातवी शिकलेत, आई शाळेत गेलेली नाही. मी ठाण्याला लॉ करते, दुसऱ्या वर्षाला आहे. हे सांगताना हल्ली मला लाज वाटते.

माझी धाकटी बहीण महापालिकेच्या शाळेत आठवीत होती. पावसाळ्यात शाळा तपासायला वरून एक मॅडम आल्या. आदल्या दिवशी वर्गात तयारी करून घेतलेली. अडचण विचारली तर सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "काही नाही मॅडम." सगळ्यांनी म्हटलं. मग ही उभी राहिली. म्हणाली, "मुलींच्या बाथरूमला कुलूप असतं. चावी ऑफिसात असते. मागायला गेलं की सगळ्यांसमोर विचारतात, आत्ताच कशाला पाहिजे?" मुलं हसली. मॅडमनी लिहून घेतलं.

चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी पप्पांना बोलावलं. पप्पा घरी आले ते अगदी सुटल्यासारखे. सर चांगले आहेत म्हणाले. "दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो. तिथे काय लिहू ते तुम्हीच सांगा, असं म्हणाले. शाळेने काढलं तर शेरा वाईट जातो, आपण स्वतःहून दाखला मागितला तर 'चांगली' लिहितो म्हणाले. मजकूरपण सांगितलाय त्यांनी. लिही पटकन, उद्या द्यायचाय."

"मी कुठे जाणार पण?" बहीण म्हणाली. "मी खोटं बोलले का?"

"तू गप बस. तुझ्या तोंडानेच घोळ झालाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला समजावलं. वर्तणूक खराब लिहिली तर कुठलीच शाळा घेणार नाही, दुसऱ्या शाळेत निदान बाथरूम तरी उघडं असेल, असंही काहीतरी म्हणाले. ती हसली नाही. मग मी कोरा कागद घेतला. घरगुती अडचणीमुळे आमच्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती. एकही खाडाखोड झाली नाही. पप्पांनी सही केली आणि कागद वाऱ्यावर धरला, शाई पसरू नये म्हणून.

दुसऱ्या शाळेने दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं. दिवाळीनंतर म्हणाले, आता वर्ष संपत आलं, जूनमध्ये बघू. तोवर बहीण आईबरोबर डोंबिवलीला जायला लागली. आई चार घरी स्वयंपाक करते, ही पोळ्या लाटते. आई म्हणायची, "गोल करते गं, माझ्यापेक्षा." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

त्याच सुमारास आमच्या वर्गात मुलांच्या हक्कांचे निकाल शिकवायला घेतले. त्यात केरळमधल्या तीन भावंडांचा होता. शाळेत राष्ट्रगीताला ती मान राखून उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने त्यांना काढलं. वडील कोर्टात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने मुलांना परत घ्यायला लावलं. मग सरांनी कायदा सांगितला. आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. मी ते वहीत लिहिलं, खाली रेघ मारली, आणि मग मला कळलं की पप्पांना दाखवलेली ती भीती पोकळ होती. शाळेवाले तिला काढूच शकत नव्हते. त्यांनी काढलंही नव्हतं. ते काम मी केलं होतं.

ठाण्यात खोपटला बस पकडून कल्याणला येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी खरंच खुर्ची दिली.

"लॉ करता? वा. बोला, वकीलसाहेब."

मी कलम सांगितलं. निकालही सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं, कपाटातून फाईल काढली आणि अर्ज माझ्यासमोर ठेवला.

"आम्ही कुणाला काढलंय? दाखल्यावर कारण वाचा ना. पालकांच्या विनंतीवरून. दाखला मागणं हाही पालकांचा हक्कच आहे, तुमच्या पुस्तकात असेल." मग म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हो. कुणाचं?"

मी अर्ज परत त्यांच्याकडे सरकवला. त्यांना ते माहीत असणार.

निघताना म्हणाले, "माझं काही वैर नाही. मुलीने गैरसमजातून चुकीची माहिती दिली, दिलगीर आहोत, एवढं लिहून आणा. सोमवारपासून पाठवा तिला."

मी आधी शिक्षण विभागात तक्रार दिली. तिथल्या क्लार्कने शिक्का मारला आणि सोबत जोडलेली दाखल्याच्या अर्जाची प्रत वाचून विचारलं, "दाखला तुम्हीच मागितला ना? मग तक्रार कशाची?" उत्तर पोस्टाने येईल म्हणाला. अजून आलेलं नाही.

रविवारी पप्पांनी माझ्यासमोर कागद ठेवला. "दोन ओळी तर आहेत. पोरीचं वर्ष वाचेल."

बहीण भांडी पुसत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "ताई, कुलूप होतं."

"माहितीये मला."

"मग नव्हतं असं लिहू नको."

मी पेनला टोपण लावलं. पप्पा रागावले नाहीत, ते जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "मग काय उपयोग गं तुझ्या शिक्षणाचा?" आणि उठून बाहेर गेले.

त्या संध्याकाळी मी तिला तीन भावंडांची गोष्ट सांगितली. का सांगितली, मलाच कळत नाही. कदाचित मला वाटलं तिला बरं वाटेल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्यांना काढलं तेव्हा घरच्यांनी काय केलं?"

"वडील कोर्टात गेले."

"लगेच?"

मी हो म्हणाले. तिने उद्यासाठी डबा विसळायला घेतला.

पहिला अर्ज लिहिला म्हणून ती घरी बसली. दुसरा लिहिला नाही म्हणून अजून घरीच आहे. जूनची वाट बघू असं आई म्हणते, पण परवा बहिणीने स्वतःची आठवीची पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली.

सेमिस्टरच्या पेपरात तोच निकाल आला होता. मला सगळं येत होतं. मी चार पानं लिहिली, समास सोडून, मुद्द्यांखाली रेघा मारून. शेजारच्या बाकावरची मुलगी बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, काय मस्त अक्षर आहे तुझं."