सुभेदार शेवटी निघतो

माझ्या सासऱ्यांइतक्या शिस्तीत व्हिडिओ गेम खेळणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. खरं तर त्यांच्याविषयी लिहायला मला तोंड नाही, तरी लिहितो. फौजेतून सुभेदार होऊन परतलेली माणसं शेती बघतात, नाहीतर सोसायटीची निवडणूक लढवतात. सासऱ्यांना मी मामा म्हणतो; त्यांनी मात्र पुण्याला गेलेल्या माझ्या मेव्हण्याचा कॉम्प्युटर ताब्यात घेतला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि नऊच्या ठोक्याला खुर्चीत. बनियनवर लढाई करायची नाही, हा नियम.

गेम होता चौघांच्या तुकडीचा. एक सुभेदार, म्हणजे ते स्वतः, आणि हाताखाली तीन शिपाई. शिपायांना नावं द्यायची सोय होती, तर मामांनी आपल्या पलटणीतल्या तीन जुन्या दोस्तांची दिली. तिघंही हयात, आपापल्या गावी ऊस लावून बसलेले. गेममध्ये कुणाला बाण लागला की मामा त्याला खरोखरीचा फोन लावत. "बाबू, आज तुझ्या मांडीत बाण घुसलाय रं. दोन दिस तुला मागंच ठेवतो." त्यावर पलीकडून बाबूराव काळजीनं विचारत, "रगात लय गेलं का वं, साहेब?"

मग तो जळता किल्ला आला. किल्ल्यातून निसटायचं तर मध्ये आगीची दरी, आणि तिच्यावर इकडून तिकडे सरकणाऱ्या पाच फळ्या. फळी जवळ आली की उडी मारायची. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या कुणीही आधी स्वतःच्या नावाचा गडी पार केला असता. मामा म्हणाले, "माघारीत सुभेदार शेवटी निघतो, पाव्हणं." चार दिवस त्यांनी नुसतं फळ्यांचं येणंजाणं वहीत टिपून घेतलं. उडी मारायची वेळ आली की स्वतःच खुर्चीतून उडत. एकदा खुर्चीसकट आडवे झाले, तेव्हापासून सासूबाईंनी दोन्ही बाजूंना उशा लावून ठेवल्या. तीन महिने झाले तरी एकटे बाबूरावसुद्धा पलीकडे पोचेनात. मला हसू यायचं. कुपवाडला आमच्या कारखान्यात चहाच्या सुट्टीत मी मामांच्या उड्यांची नक्कल करून दाखवायचो आणि सगळे पोट धरून हसायचे.

नोव्हेंबरात मी साताऱ्याला गेलो होतो. मामा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. घरात कॉम्प्युटर चालूच होता. म्हटलं, म्हाताऱ्याला खूश करू. बसलो, आणि सातव्या खेपेला सुभेदारांना पलीकडच्या काठावर उतरवलं. आता शिपायांना आणावं म्हणून बघतो तर त्यांच्यामागं किल्ला धडाधडा कोसळला. सुभेदार सुटला की किल्ला पडतो, असा तो खेळ. बाकीचे तिघं आतच राहिले. वर खेळानं आपणहून सगळं जतन करून टाकलं. जुनं काही शिल्लकच राहिलं नाही.

मामा आले. टोपी काढून पडद्यासमोर उभे राहिले. तिथं त्यांच्या नावाचा माणूस एकटाच उभा होता. मी म्हणालो, "मामा, मला ठाऊक नव्हतं." दुसऱ्या कुणाला त्यांनी उभं सोललं असतं. पण आमच्याकडे जावयाला कुणी बोलत नाही. ते आत बघून म्हणाले, "आगं, पाव्हण्यास्नी च्या टाक." तो चहा मी प्यालो. त्यानंतर मामांनी कॉम्प्युटर लावला नाही.

परवा एका लग्नात बाबूराव भेटले. गुडघ्यानं अधू, पण आवाज खणखणीत. माझा हात धरून म्हणाले, "तुमचं सासरं म्हंजी देवमाणूस बगा. आमास्नी तिगांस्नी आदी भाईर काडलं, आन् मग सोता निगालं. फोनवर सांगत हुतं, तवा माज्या डोळ्याला पानी आलं."

शेजारीच मामा बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पत्रावळीवरची जिलबी उचलून माझ्या पानात वाढली. मी मान खाली घालून बाबूरावांना म्हणालो, "व्हय, मी हुतो की तितं."